एकट्याची सायकल, जवळचा रस्ता

३१ मे २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने टाळेबंदी टप्प्याटप्प्याने सैल करण्याचा आदेश काढला. 'मिशन बिगीन अगेन' हे त्याचे नाव. मुख्यमंत्र्यांनी त्याला 'पुनश्च हरिओम' म्हटले होते. पहिला टप्पा ३ जूनपासून लागू झाला. प्रतिबंधित क्षेत्रे वगळता पहाटे ५ ते सायंकाळी ७ या वेळेत मोकळ्या जागी चालणे, धावणे आणि सायकल चालवणे यांस त्यात परवानगी होती; मात्र समूहाने नव्हे, आणि घराच्या आसपासच. सायकलीला उत्तेजन द्यावे, असेही त्यात सुचवले होते. त्यासाठी दिलेले कारण अगदी साधे होते: सायकलीवर माणसामाणसांतील अंतर आपोआप राखले जाते.

सरकारी आदेशात आरोग्याचे इतके नेमके निरीक्षण क्वचितच वाचायला मिळते. योगायोग असा की, ३ जून हा संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये घोषित केलेला जागतिक सायकल दिन. त्याच दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि पुणे जिल्ह्यातही झाडे उन्मळून पडली. त्यामुळे मुभा मिळालेल्या पहिल्या दिवशी शहाण्या माणसाने सायकल बाहेर काढली नसणार. आणि त्याच दिवशी, आपल्यापैकी कित्येकांनी तरुणपणी जिच्यावरून नोकरी केली, त्या ॲटलस सायकलीचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद पडला.

वाचकहो, याच काळातील दुसरी एक सूचना आपल्याला अधिक चांगली आठवत असेल. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी, आणि मधुमेह, हृदयविकार यांसारखे जुने आजार असणाऱ्यांनी, अत्यावश्यक कामाखेरीज वा उपचारांखेरीज घरीच राहावे, असा सल्ला केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत होता. तो योग्य कारणासाठी दिला गेला होता. या आजाराने वृद्धांचे बळी अधिक घेतले, हे आम्ही डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिले. परंतु घरोघरी त्या सल्ल्याचा अर्थ पुढे सरकत गेला. 'घरी राहा'चे 'खुर्चीत राहा' झाले आणि 'लोकांपासून दूर राहा'चे 'हालचालीपासून दूर राहा' झाले. महामारी ओसरून वर्षे लोटली, तरी अनेक घरांतील आजी-आजोबा त्या खुर्चीतून अद्याप पुरते उठलेले नाहीत. म्हणून त्या दिवसांतील एकट्या, जवळच्या सायकलफेरीकडे पुन्हा एकदा पाहावे, असे मला वाटते.

घोड आणि भीमेच्या काठी

२२ मार्च २०२० रोजी जनता संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत रुग्ण पाहत माझी हयात गेली. परंतु इथल्या रस्त्यांवर अशी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. शिरूरला घोड नदी हीच जिल्ह्याची सीमा. पलीकडे तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. जिल्हाबंदी झाली आणि ज्या पुलावरून लोक भाजीला, दवाखान्याला, लेकीच्या घरी सहज ये-जा करत, तो पूल एकाएकी परमुलखाच्या वेशीसारखा झाला. दौंडकरांना भीमेपलीकडचे सिद्धटेक दूर गेले. दौंड जंक्शनवरील प्रवासी गाड्या थांबल्या. गाड्यांच्या आवाजावर ज्यांच्या दिवसाचे घड्याळ चालत असे, त्या रेल्वे वसाहतीतील निवृत्त मंडळींना झोपेच्या तक्रारी सुरू झाल्या, त्याचे मला नवल वाटले नाही. पुढे मुंबईच्या बंदोबस्तावरून दौंडला परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या काही जवानांना लागण झाल्याचे वृत्त आले, आणि तोवर 'ते पुण्या-मुंबईचे दुखणे' म्हणणाऱ्यांच्याही दारांना आतून कड्या लागल्या.

टाळेबंदीच्या आरंभीच्या दिवसांत व्यायामासाठी घराबाहेर पडण्याची मुभा नव्हती. सायकली रस्त्यावर होत्या, पण त्या कामाच्या: दूध घालणाऱ्याची, सफाई कामगाराची, शेतावर मोटार सुरू करायला निघालेल्या शेतकऱ्याची, पाळीवर जाणाऱ्या परिचारिकेची. एसटी बंद होती, वडाप बंद होते. माळ्यावर वा गोठ्यात धूळ खात पडलेल्या सायकली लोकांनी खाली उतरवल्या. पंक्चरची दुकाने बंद, त्यामुळे ट्यूबला ठिगळ लावण्याची विसरलेली विद्या बऱ्याच आजोबांनी नातवंडांना त्या उन्हाळ्यात शिकवली. मीही काही दिवस दवाखान्यात सायकलनेच जात असे. माझ्या वयाच्या डॉक्टरला सायकलवर पाहून पोलीस नाक्यावरचे तरुण शिपाई आधी हसत, मग सलाम करीत.

त्या काळात इतर देशांनी काय केले, हे पाहणे बोधप्रद आहे. ब्रिटनने दिवसातून एकदा चालणे, धावणे वा सायकल यांसाठी बाहेर पडण्यास प्रारंभापासून परवानगी दिली. फ्रान्सने दिवसाला एक तास आणि घरापासून एक किलोमीटर अशी मर्यादा घातली, पण त्यात हौसेच्या सायकलीला जागा ठेवली नाही. स्पेनने तर प्रौढांच्या मैदानी व्यायामावर मे महिन्याच्या आरंभापर्यंत पूर्ण बंदी ठेवली. विषाणू एक आणि नियम तीन! मार्च महिन्यात कोणालाच पुरेशी माहिती नव्हती, त्यामुळे कडक नियम करणाऱ्यांना मी आज दोष देणार नाही. माझा आक्षेप नंतरच्या सवयीला आहे.

एप्रिलमध्ये एक चित्र भ्रमणध्वनीवरून घरोघर फिरले होते, ते आपणही पाहिले असेल. सायकलस्वाराच्या मागे तुषारांचा लांबच लांब पट्टा दाखवला होता, आणि वेगाने जाणाऱ्या सायकलीच्या मागे किमान २० मीटर अंतर ठेवावे, असे त्यात म्हटले होते. बेल्जियम आणि नेदरलँड्समधील अभियंत्यांनी केलेल्या संगणकीय अभ्यासावर ते आधारलेले होते. हवेत तुषार कसे वाहतात, एवढाच त्या अभ्यासाचा विषय होता. त्यांतून प्रत्यक्ष लागण किती होते, हे त्यात तपासलेले नव्हते. चित्र मात्र सर्वत्र पोहोचले, हा खुलासा पोहोचला नाही. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेला आवाहन केले की, हा विषाणू बंद, हवा न खेळणाऱ्या खोल्यांत हवेतूनही पसरतो, याची दखल घ्यावी. आज याबद्दल शंका उरलेली नाही. धोका होता तो दारे-खिडक्या बंद करून दहा माणसे एकत्र बसलेल्या दिवाणखान्यात. उघड्या माळरानावर एकट्याने सायकल चालवणाऱ्याच्या वाट्याला तो नगण्य होता. भाजी सोड्याने धुणारी आणि आजोबांना वऱ्हांड्यात येऊ न देणारी घरे तेराव्याच्या जेवणाला मात्र एका खोलीत जमत होती. आपले भय कोठे वाढते आणि कोठे विसावते, हे मोठे विचित्र आहे.

पायांचा हिशेब

आता खुर्चीकडे वळतो. २०२० च्या पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या वृद्ध रुग्णांत एक नवी तक्रार वाढू लागली: 'पायात जीव राहिला नाही.' रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पूर्वी रोज भीमेच्या घाटापर्यंत चालत जात. मुलगा-सून प्रेमळ. त्यांनी वडिलांना तीन महिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिले नाही. पाण्याचा तांब्याही हातात आणून दिला. करोना त्यांना झाला नाही. पण श्रावणात ते न्हाणीघरात पडले, आणि पडल्यावर स्वतःच्या बळावर उठू शकले नाहीत. सुदैवाने खुब्याचे हाड वाचले. सर्वांचेच वाचत नाही.

यात काय घडते, ते समजून घ्यावे. स्नायू हे वापरावर जगणारे अवयव आहेत. चाळिशीनंतर ते हळूहळू घटू लागतात, साठीनंतर घट वाढते आणि विश्रांतीत ती विलक्षण वेग घेते. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, सरासरी सदुसष्ट वर्षांच्या १२ निरोगी व्यक्तींना १० दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्यात त्यांच्या दोन्ही पायांतील चरबीविरहित वजन सुमारे १ किलोने घटले. आजार कोणताही नव्हता, केवळ पडून राहणे होते. घरात बसून राहणे हे अंथरुणाइतके वाईट नाही, हे खरे. पण ते १० दिवसांचेही नव्हते, महिनोन् महिने चालले.

त्यातही मांडीचे पुढचे स्नायू आधी थकतात. खुर्चीतून उठणे, जिना चढणे, शौचालयात बसून उठणे, तोल गेल्यावर पाय पटकन पुढे टाकून सावरणे, ही सारी कामे त्यांचीच. पायडल मारताना नेमके हेच स्नायू काम करतात, आणि शरीराचे ओझे सीटवर असल्यामुळे गुडघ्यांवर भार कमी येतो. गुडघेदुखीने ज्यांचे चालणे पाव किलोमीटरवर अडते, असे माझे काही रुग्ण सायकलीवर सहज वीस मिनिटे काढतात. याला एक मर्यादा आहे, तीही सांगतो. हाडे बळकट होण्यासाठी त्यांच्यावर भार पडावा लागतो आणि सायकल तो टाकत नाही. म्हणून सायकल चालवणाऱ्यानेही थोडे चालावेच, आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे महामारी ऐन भरात असताना, ६५ वर्षांवरील व्यक्तींनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सुचवले आहेत.

आपले पाय आज कोठे आहेत, हे घरच्या घरी पाहता येते. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली, नेहमीच्या उंचीची खुर्ची घ्या. दोन्ही हात छातीवर घडी घालून ठेवा. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते, ते घरच्या कोणाला तरी शेजारी उभे करून मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला १२ वेळा आणि त्याच वयाच्या स्त्रीला १० वेळा हे जमावे, असा एक प्रचलित निकष आहे. त्याहून कमी झाले, तर पडण्याची भीती अधिक समजावी. हात टेकल्याशिवाय एकदाही उठता येत नसेल, तर सायकलीचा विषय बाजूला ठेवून आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे.

या वयात सायकल?

हा प्रश्न दवाखान्यात मला बहुधा रुग्ण विचारत नाहीत, त्यांची मुले विचारतात; तीही पुण्याहून फोन करून. उत्तर माणसागणिक वेगळे असते. ज्यांना वारंवार चक्कर येते, फिट्स येतात, ज्यांना नुकताच हृदयविकाराचा वा पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे, ज्यांचा मोतीबिंदू पिकला आहे वा काचबिंदूने बाजूची नजर गेली आहे, त्यांनी रस्त्यावर सायकल चालवू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही गंभीर ठरू शकतो. त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याखेरीज पायडलवर पाय ठेवू नये आणि हेल्मेट तर कधीच विसरू नये. या साऱ्यांसाठी घरातील स्थिर सायकल आहे, किंवा खुर्चीत बसून फिरवायचे छोटे पायडलही चालते. त्यात कमीपणा काही नाही.

उरलेल्यांनी जरूर चालवावी. आपल्या पिढीने तासावर भाड्याने मिळणाऱ्या मोठ्या सायकलीच्या नळीमधून पाय घालून शिक्षण घेतले आहे. ती विद्या शरीर विसरत नाही. विसरते ते चढणे आणि उतरणे. वयस्कर माणसे सायकलीवर चढता-उतरतानाही पुष्कळदा पडतात. म्हणून नळीवरून पाय टाकावी लागणारी सायकल सोडून द्या. मुलींची म्हणून विकली जाणारी, मधली नळी खाली असलेली सायकल घ्या. आजोबांनी यात लाज मानू नये. सीट इतकी ठेवा की, बसल्या बसल्या दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील. सीट फार खाली ठेवली, तर गुडघे दुखतात. फार वर ठेवली, तर थांबताना तोल जातो. मधली जागा शोधायला दोन-चार दिवस लागतील. दहा-वीस वर्षे सायकल चालवली नसेल, तर पहिले आठ दिवस शाळेच्या मैदानावर, कोणाला तरी सोबत घेऊन. एकट्याने जायचे ते त्यानंतर.

काही म्हातारे सायकल हातात धरून तिच्या आधाराने चालतात. आपल्याकडे हे दृश्य जुनेच आहे. काठीपेक्षा प्रतिष्ठित वाटते, हे मी समजू शकतो. पण सायकलीला चाके आहेत आणि उतारावर ती आपल्याआधी निघते. आधार हवा असेल, तर काठीच घ्यावी.

आता रस्ता. टाळेबंदीतील त्या 'घराच्या आसपासच' या अटीत शहाणपण होते. ते तेव्हा विषाणूसाठी होते, आज आपल्या ताकदीसाठी आहे. पुणे-नगर महामार्ग, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारी अवजड वाहने, कुरकुंभच्या बाजूची टँकरची वर्दळ, शिरूर-चौफुला रस्त्यावर गळिताच्या हंगामात उसाने ओसंडलेल्या जोडट्रॉल्या: २०२० च्या एप्रिलमध्ये हे रस्ते ओस होते, आज नाहीत. त्या दिवसांच्या आठवणीवर विसंबून महामार्गावर जाऊ नका. वस्तीतले अंतर्गत रस्ते, शाळेकडचा रस्ता, गावाला वळसा घालणारी पांद डांबरी झाली असेल तर ती, हे पुरेसे आहे. कालव्याकडेची वाट पुष्कळांना मोह घालते. सावली असते, पाणी दिसते. पण कठडा नसतो आणि कडेची मुरूम माती चाकाखालून सरकते. तिथे चालावे, सायकल नको.

आणि बिबट्या. शिरूर तालुक्यातील वाचकांना हे सांगावे लागत नाही, दौंडकरांनाही आता सांगावे लागू नये. उसाच्या फडांमधील वाट अंधारात, मग तो पहाटेचा असो की सांजेचा, एकट्याने धरू नका. आदेशात पहाटे ५ ची वेळ होती, ती शहरांचा विचार करून असावी. आपल्याकडे चांगले उजाडल्यावर निघावे आणि सूर्य मावळण्यापूर्वी घरी असावे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेआठनंतर ऊन तापते. त्याआधी परतलेले बरे.

पावसाळ्यात आपल्या भागात वारा पश्चिमेकडून वाहतो. दौंडहून पाटसच्या दिशेने निघालात, तर तो छातीवर येतो. परतताना पाठीशी राहतो. उलट दिशेने निघालेला माणूस जाताना 'आज किती हलके वाटते' म्हणत दुप्पट लांब जातो आणि परतताना त्याचा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून ताकद ताजी असताना वाऱ्याला तोंड द्यावे. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, घड्याळावर मोजा: पहिले दोन आठवडे दहा मिनिटे जाणे आणि दहा मिनिटे येणे. आणखी जावेसे वाटत असतानाच वळावे.

श्रम किती, हे कसे ओळखावे? सोबती असता तर त्याच्याशी बोलून पाहिले असते. एकटे असताना मनाचा एखादा श्लोक मोठ्याने म्हणून पाहा. चारही चरण न धापा टाकता म्हणता आले, तर वेग योग्य. गाण्याचा सूर लावता येत असेल, तर थोडे अधिक जोराने पायडल मारायला हरकत नाही. दुसऱ्याच चरणाला श्वास तुटला, तर थांबा. नाडीच्या आकड्यावर विसंबू नका, विशेषतः मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी औषधे घेत असाल तर. या गोळ्या नाडी वाढू देत नाहीत आणि माणसाला वाटते, आपण अजून दमलोच नाही. प्रोस्टेटसाठी वा रक्तदाबासाठी घेतलेल्या काही औषधांनी सायकलीवरून उतरून एकदम उभे राहिल्यास डोळ्यांपुढे अंधारी येते. उतरल्यावर हँडल धरून क्षणभर थांबावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी असेल, तर उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखरेची पुडी असावी. हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला की आधी साखर, मग विचार. छातीत दाब, जबड्यात वा डाव्या हातात कळ, अनावर धडधड यांपैकी काही झाले, तर तिथेच सायकल लावून बसावे आणि फोन करावा; 'घर जवळच आहे' म्हणून तसेच पायडल मारीत येऊ नये.

मुखपट्टीबद्दल अजूनही विचारले जाते. श्रमाचा व्यायाम करताना ती लावू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्येच दिला होता. घामाने ओली झाली की श्वास अडतो. वाटेत कोणाशी थांबून बोलायचे असेल आणि साथीचे दिवस असतील, तर खिशातून काढून लावावी. तापाचे कोणतेही दुखणे होऊन गेल्यावर मात्र घाई नको. घरातील नेहमीची कामे धाप न लागता होऊ लागली, की मगच सायकल, आणि तीही पहिल्या आठवड्याच्या बेताने.

जे सांभाळतात त्यांच्यासाठी

घरातील आजारी माणसाला जो सांभाळतो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. टाळेबंदीत तर त्याला माहेर, देऊळ, बाजार, लग्नकार्य यांपैकी कोणतीही सुट्टी उरली नाही. शिरूर तालुक्यातील एक पन्नाशीच्या बाई माझ्या रुग्ण. सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या. दोन-दोन तासांनी कूस बदलायची, भरवायचे, स्वच्छ करायचे. बाईंचा रक्तदाब गोळ्या वाढवूनही उतरेना. पावसाळा सरताना त्या तपासणीला आल्या, तेव्हा तो प्रथमच आटोक्यात होता. काय बदलले, म्हणून विचारले, तर संकोचत म्हणाल्या, 'मुलीची शाळेची सायकल घरात नुसतीच उभी होती, डॉक्टर.' शाळा बंद होत्या. रोज सकाळी पती घरी असताना त्या अर्धा-पाऊण तास सायकल घेऊन वस्तीच्या रस्त्याने जात. हँडलला दुधाची रिकामी किटली अडकवत, म्हणजे कोणी 'कुठं निघालात?' असे विचारणार नाही. रक्तदाब केवळ सायकलीने उतरला, असे मी म्हणणार नाही. गोळीही त्याच सुमारास नियमित झाली होती. पण झोप येऊ लागली, सासूबाईंवर चिडणे कमी झाले, हे त्यांनी स्वतः सांगितले.

त्यांच्यासारखी किटली कोणाला लागू नये. सांभाळणाऱ्या व्यक्तीला रोज अर्धा तास एकटे बाहेर जाण्याची गरज असते, ही गोष्ट घरातील इतरांनी औषधाच्या वेळेइतकी गंभीरपणे घ्यावी. हा वेळ ठरलेला हवा. 'जमेल तेव्हा जा' म्हटले की तो कधीच जमत नाही. रुग्णाजवळ त्या अर्ध्या तासात कोण बसणार, त्याने काय पाहायचे, ठसका लागला तर कसे बसते करायचे, हे आधी दाखवून ठेवावे. शेजारची एखादी विश्वासू व्यक्तीही चालते. रुग्णाला न सांगता गुपचूप निघू नये. त्याला 'मी अर्ध्या तासाने येते' हे सांगून जावे आणि त्या वेळेला यावे. चार दिवस तो रुसेल, पाचव्या दिवशी विचारील, 'आज गेली नाहीस?'

तीच बाब सायकल चालवणाऱ्या वृद्धांच्या मुलांसाठी. आई-वडिलांना अडवण्यापेक्षा अटी ठरवा. रस्ता कोणता, हे त्यांनी सांगून जावे आणि मध्येच बदलू नये. परतण्याची वेळ सांगावी. ती उलटून पंधरा मिनिटे झाली, तर फोन करावा, त्याआधी दर पाच मिनिटांनी नको. सायकलीवर एका हाताने फोन काढणारा माणूस त्या फोनमुळेच पडतो. ब्रेक, हवा आणि घंटी आठवड्यातून एकदा तपासण्याचे काम नातवंडाकडे द्यावे. आणि एक चिठ्ठी सदऱ्याच्या किंवा कुर्त्याच्या खिशात कायम असू द्या: नाव, घरच्या दोन माणसांचे फोन, चालू औषधे, कशाची ॲलर्जी असेल तर ती, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत. भ्रमणध्वनी कुलूपबंद असतो, त्यातले नाव कोणाला वाचता येत नाही. कागद कोणालाही येतो. पावसाळ्यात तो प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत ठेवा, आणि औषध बदलले की चिठ्ठीही बदला.